मुक्ताई लहान होती, गप्प नव्हती

कीर्तनात, पारायणात, सकाळी सकाळी व्हॉट्सअपवर येणाऱ्या सुविचारात, भावाभावांत शेतावरून वाजलं की मध्यस्थीला बसलेल्या अण्णांच्या तोंडी, सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं, अहंकार सोडा. ऐकून ऐकून ते इतकं गुळगुळीत झालंय की आता कोणी म्हटलं तरी कानाला लागत नाही. आणि मला खूप दिवसांपासून एक गोष्ट खटकते ती म्हणजे हे वाक्य बहुतेक वेळा वरचा माणूस खालच्याला ऐकवतो. सासू सुनेला, मोठा भाऊ धाकट्याला, मालक गड्याला. उलटं फार कमी ऐकलंय. म्हणजे जे सोडायचं ते नेहमी दुसऱ्यानेच सोडायचं असतं आणि सोडल्यावर फायदा सांगणाऱ्याचा होतो. हे अध्यात्म नाही असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी आमच्याच भागात समाधी असलेल्या एका मुलीच्या आधाराने मांडणार आहे, तिचं नाव मुक्ताई, ज्ञानदेवांची धाकटी बहीण.

मी रावेर तालुक्यातली. आमच्याकडून मुक्ताईनगर काही लांब नाही, जुनी माणसं अजूनही एदलाबादच म्हणतात. तिथून जवळ मुक्ताईची देवळं असलेली दोन गावं, कोथळी आणि तापीकाठचं मेहूण, आणि थोडं पुढे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, लहानपणापासून आम्ही जातो. तेव्हा यात्रा म्हणजे रेवड्या, पाळणे आणि गर्दी एवढंच कळायचं. गुरू आणि चेला दोघांची ठिकाणं एवढ्या जवळ आहेत आणि त्यात गुरू म्हणजे ती पोरगी नि चेला तो म्हातारा योगी, हे नंतर कधीतरी डोक्यात शिरलं आणि मग निघालंच नाही.

चांगदेवाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण आपण ती चमत्काराच्या अंगाने सांगतो, वाघावर बसून आला, हातात सापाचा चाबूक, इकडून ही भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली, भिंत चालली. मला त्याच्या आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, पत्राचा. चांगदेव चौदाशे वर्षं जगलेला, योगाच्या बळावर मरण परतवलेला, अशी आख्यायिका आहे. त्याच्या कानावर ज्ञानदेवांची कीर्ती गेली, भेटायची इच्छा झाली, आधी पत्र पाठवू म्हणून लिहायला बसला आणि मायन्यावरच अडकला. वयाने तो मोठा म्हणून आशीर्वाद लिहावा तर हा पोर ज्ञानाने मोठा, नमस्कार लिहावा तर आपण वयाने एवढे वडील. ठरेना. मग कोरा कागदच पाठवला.

आता बघा, काळाला परतवणारा माणूस आणि दोन ओळींच्या मायन्याला हरला. त्याला ज्ञान कमी नव्हतं, साधना कमी नव्हती, शिष्य तर ढीगभर होते. अडकला कुठे तर मी वर की तो वर या एका प्रश्नात. आपल्याकडे सप्ताहाच्या पत्रिकेत नावं कोणत्या क्रमाने छापायची यावरून भाऊबंद दोन-दोन वर्षं बोलत नाहीत, स्टेजवर कोणाला आधी नारळ दिला यावरून लोक मंडप सोडून निघून जातात, ते सगळं त्या कोऱ्या कागदावर आहे.

तो कागद भावंडांसमोर आला तेव्हा मुक्ताई म्हणाली की चौदाशे वर्षं जगला आणि कोराच राहिला. कथेत हे वाक्य सगळ्यात लहान मुलीच्या तोंडी आहे. परंपरेने धरलेली सालं बघितली तर निवृत्तीनाथ 1273, ज्ञानदेव 1275, सोपानदेव 1277 आणि मुक्ताई 1279. चौघांत धाकटी. मग निवृत्तीनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला 65 ओव्यांचं उत्तर लिहिलं, तीच चांगदेव पासष्टी. आणि पुढे चांगदेवाने गुरू केलं ते पासष्टी लिहिणाऱ्याला नाही, कोरा म्हणणारीला केलं. हे मला फार मोठं वाटतं. ज्याने आपल्याला समजावून सांगितलं त्याच्या पाया पडणं सोपं आहे, जिने वर्मावर बोट ठेवलं तिच्या पाया पडणं अवघड आणि त्याचं मीपण गेलं असेल तर त्या पाया पडण्यात गेलं, वाघावर बसून आला तेव्हा ते शाबूत होतं.

नामदेवांच्या गोष्टीतही तीच. गोरोबाकाकांकडे सगळे संत जमलेत, मुक्ताई विचारते की काका ही मडकी कच्ची कोणती पक्की कोणती ते सांगा बघू, काका मडकी थापटायचं लाकडी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत निघतात, बाकी सगळे शांत बसून राहतात आणि नामदेव चिडतात. ठरलं, हे मडकं कच्चं. नामदेव म्हणजे विठ्ठलाशी रोज बोलणारा माणूस, वयाने तिच्यापेक्षा नऊएक वर्षांनी मोठा. रडत पंढरपूरला गेले, देवाला म्हणाले माझा अपमान झाला, तर देवाने काय केलं, समजूत काढली नाही, विसोबा खेचरांकडे औंढ्याला पाठवलं. तिथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव म्हणाले पाय काढा, ते म्हणाले बाबा मी म्हातारा, जिथे पिंड नाही तिथे तूच ठेव उचलून. आणि जिथे पाय ठेवावेत तिथे पिंड. देव माझा, माझ्याशी बोलतो, माझ्या हातचं खातो, यातलं ते "माझा" तिथे गळून पडलं. देव तर तोच राहिला.

यातून मला जे कळलं ते असं की अहंकार एकट्याने घरात बसून जात नाही. पहाटे उठून ध्यान करा, जप करा, ते हवंच, मी स्वतः करते, त्याने मन निवतं हे खरं. पण ध्यानात समोर कोणीच नसतं ना, मग मी वर का तू वर हा प्रश्नच येत नाही आणि आपल्याला वाटतं की गेला अहंकार. तो असतो तिथेच. धाकट्या जावेने सगळ्यांसमोर आपली चूक दाखवली, नातवाने आजी तुम्हाला हे येत नाही म्हटलं, की लगेच कळतं तो कुठे आहे ते. म्हणून त्या चौघांच्या सगळ्या कथांमध्ये थापटणं दुसऱ्याच्या हातात आहे. स्वतःच्या डोक्यावर स्वतः कोणी मारत नाही, मारलं तरी हळूच मारतो माणूस.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी एक विलक्षण गोष्ट सांगितली आहे, की हा अहंकार अज्ञानी माणसाच्या फारसा मागे लागत नाही, तो शहाण्याच्या गळ्याला झोंबतो आणि त्याला नाना संकटांत नाचवतो. पारायणात दरवेळी ती ओवी आली की मी थांबते. आणि त्याच अध्यायात गीतेने ज्ञानाची लक्षणं मोजायला सुरुवात केली आहे तिथे पहिलं लक्षण अमानित्व, म्हणजे मान नको असणं. भक्ती, वैराग्य, एकांत हे सगळं नंतर. माउली तर तिथे म्हणतात की बृहस्पतीएवढं सगळं कळलं तरी असा माणूस मोठेपणाच्या भीतीने वेड्यासारखा लपून राहतो. भीतीने! आपल्याला मान मिळाला नाही तर भीती वाटते, त्याला मिळेल की काय याची वाटते.

आणि हे लिहिणारा कोण, तर ज्याला लोकांनी संन्याशाचं पोर म्हणून वाळीत टाकलं होतं. त्यांनाही कधीतरी लागलं असेलच ना. ताटीची गोष्ट तीच आहे, कोणीतरी काहीतरी बोललं, ज्ञानदेव उद्विग्न झाले, झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून आत बसले आणि बाहेर धाकटी बहीण उभी राहून म्हणतेय, ताटी उघडा ज्ञानेश्वरा. ती नुसती विनवत नाही हे नीट वाचलं की कळतं. ती प्रेमाने बोलते, पण बोलताना संत कोणाला म्हणायचं, योगी कोणाला म्हणायचं हे त्यालाच पुन्हा ऐकवते, लोकांचा अपराध सहन करेल तो योगी, जग आग झालं तर आपण पाणी व्हावं. 1290 मध्ये ज्याने ज्ञानेश्वरी सांगून पूर्ण केली त्याला त्याची लहान बहीण सांगतेय की चल बाहेर ये. मला कितीदा वाटतं की आपल्या घरांमध्ये अशा किती ताट्या लागलेल्या असतात, आणि बाहेर उभी राहून बोलणारी पोरगी असतेही, पण आपण तिला म्हणतो तू गप, मोठ्यांच्या मध्ये बोलू नको.

एक लक्षात घ्या, मुक्ताईला कोणी अहंकारी म्हटलं नाही. भावाला बोलली, चांगदेवाला बोलली, नामदेवांना कच्चं ठरवायला तीच कारण झाली. आजची एखादी अठरा वर्षांची मुलगी असं बोलली तर पहिलं वाक्य काय येईल, फार शिकली म्हणून अहंकार आला. पण तिला त्यातून स्वतःसाठी काही नको होतं, हाच फरक आहे. जिथे स्वतःला काही मिळवायचं नाही तिथे जीभ मोकळी होते. दबलेली माणसं नम्र असतात असं नाही हो, कित्येकदा ती आतून धुमसत असतात आणि संधी मिळाली की पुढच्याला तसंच दाबतात. दबणं आणि निरहंकार होणं या दोन वेगळ्या वाटा आहेत.

याच्यावर आमच्या खान्देशातलंच दुसरं उदाहरण माझ्या डोक्यात कायम असतं. अमळनेरला 1916 साली श्रीमंत प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं, वेदान्ताच्या अभ्यासासाठी. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी तिथेच, मग शाळेत शिक्षक झाले. पुढे 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते आणि हेही होते. विनोबांनी तिथे कैद्यांपुढे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायला सुरुवात केली, 21 फेब्रुवारी ते 19 जून, अठरा रविवार अठरा अध्याय. आणि साने गुरुजी ते लिहून घेत बसले. आज गीता प्रवचने म्हणून घरोघरी आहे ते हे. आता साने गुरुजी स्वतः लेखक, कवी, बोलायला लागले तर लोक रडायचे असा माणूस. त्याने पेन्सिल घेऊन दुसऱ्याचं बोलणं उतरवून घ्यायचं, त्यात आपलं वाक्य घालायचं नाही, आपला सूर लावायचा नाही. माझ्या दृष्टीने ते लिहून घेणं हीच गीता होती, कर्म केलं आणि कर्तेपण दुसऱ्याकडे राहू दिलं. तिसऱ्या अध्यायात तेच सांगितलंय की कामं प्रकृतीच्या गुणांनी होत असतात आणि अहंकाराने भुललेला माणूस मीच करतो असं धरून बसतो.

पण हाच शांत, हळवा माणूस 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणाला बसला, विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य मानलेल्या लोकांना उघडं करा म्हणून. आधी गावोगाव फिरले, लोकांना समजावलं, विरोध पुष्कळ झाला, तरी मागे सरले नाहीत आणि शेवटी देऊळ उघडायचं ठरलं. कोणी म्हणालं असेल की एवढा हट्ट म्हणजे अहंकारच की. मला नाही पटत. ज्याला धुळ्याच्या तुरुंगात आपलं नाव बाजूला ठेवता आलं त्यालाच पंढरपुरात जीव बाजूला ठेवता आला, मला तर या दोन गोष्टी एकाच माणसात असणारच असं वाटतं.

आता साध्या रोजच्या जगण्यात काय, कारण आपण काही चांगदेव नाही आणि साने गुरुजीही नाही. आमच्या गावात सप्ताह असतो तेव्हा सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, पहारे लावलेले असतात, रात्री दोनलासुद्धा कोणीतरी उभा असतो. पहारा बदलताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. एक आमच्या शेतावर कामाला येणारा सालदार असतो, दुसरा पन्नास एकर केळीचा मालक असतो, आणि त्या वेळेपुरतं कोण कोणाच्या आधी वाकलं हे बघायला कोणी जागं नसतं. वारीतही तेच, मुक्ताईंची पालखी ज्येष्ठात निघते, बुलढाणा, जालना, बीड करत महिनाभर चालून पंढरपूरला पोचते, त्यात चालणाऱ्याला नाव नसतं, सगळे माउली. वाकायची शरीराला सवय लागते आणि मन मागून येतं असं माझं निरीक्षण आहे. मनाची तयारी झाल्यावर वाकू म्हणणारे वाकत नाहीत. अर्थात पाया पडून घरी आलं आणि त्याच सालदाराला पाणी वेगळ्या पेल्यात दिलं तर काय उपयोग, आणि हे घडतं, अजून घडतं, मला त्याचं फार वाईट वाटतं.

सप्ताहाच्या शेवटी काल्याला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असते, शेकडो माणसं जेवतात. आमच्याकडे एक म्हातारेबाबा वर्षानुवर्षं बट्ट्या तळायला बसायचे, धुराने डोळे लाल, घामाने सदरा चिकटलेला. त्यांचं नाव कधी माइकवरून घेतलं नाही. कोणी म्हटलं बाबा झकास झाल्या तर म्हणायचे, "म्या काय केलं व माय, पीठ गावाचं, तूप गावाचं." हे ते नम्रता म्हणून बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं दिसत होतं. आणि त्याच मंडपात पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव, चपला ठेवायच्या स्टँडवर नाव, फ्लेक्सवर तर देवापेक्षा फोटो मोठे. देणगी देणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, त्यानेच मंडप उभा राहतो. पण नाव लिहून दिलेलं दान आपल्याला जे द्यायचं ते देऊन मोकळं होतं, लोकांनी वाचलं आणि संपलं. एकदा न सांगता देऊन बघा, घरातही कोणाला न सांगता, मग पोटात जी कळ येते ना सांगावं म्हणून, ती ओळखीची करून घ्यायची. ती माझ्याही पोटात येते. रामकृष्ण परमहंस म्हणायचे की हा मी जात नसेल तर राहू द्या त्याला, पण दास म्हणून राहू द्या. मला हे फार धीराचं वाटतं कारण पूर्ण गेला पाहिजे म्हणून मागे लागलं की माणूस हताश होतो.

आता ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसले ते सांगते. माझी एक मावसबहीण आहे, तिच्या माहेरची जमीन, वडील गेले, आई आधीच गेलेली. भावांनी हक्कसोडचा कागद पुढे केला. आणि काय म्हणाले तर ताई तू एवढी वारी करतेस, माळ घातलीय, तुला कशाला जमिनीचा मोह, सोडून दे अहंकार. माळ घातलेल्या बाईला हे ऐकवलं की ती गप्प होते हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्याकडे कित्येक बहिणी अशीच सही करतात, माहेर तुटू नये म्हणून, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधलेला असावा, कोणीतरी न्यायला यावं म्हणून. कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हिस्सा आहे, महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून, पण कायदा कागदावर असतो आणि भाऊ समोर उभा असतो.

तिने सही केली नाही. भावांना म्हणाली, "अरे भाऊ, तुमच्यावर राग नाही, बोलणं तोडणार नाही, बोलवा नका बोलवू आखाजीला मी येणार. पण वडिलांनी मला पोरगी मानलं होतं, ते मी कसं सोडू. शेत तुम्हीच करा, मला अडचण नाही, नाव लागू द्या." आणि खरंच गेली आखाजीला, खापरावरच्या पुरणपोळ्या भावजयांच्या बरोबरीने बसून केल्या, मोठा भाऊ एक शब्द बोलला नाही तरी त्याच्या ताटात तिनेच वाढलं. मला त्या दिवशी ती मुक्ताईच्या जवळची वाटली, ताटीबाहेर उभी राहून बोलणारी.

नंतर तिनेच मला फोनवर विचारलं, "खरं सांग, हा माझा अहंकार तर नाही ना व?" मी म्हटलं, समजा उद्या कोर्टात तू हरलीस, तर भावांचा द्वेष वाटेल का तुला? ती जरा वेळ थांबून म्हणाली, वाटेल, थोडा वाटेल. मग मी म्हटलं की साधना त्या थोड्यावर कर, सहीचा आणि त्याचा संबंध लावू नको. मोठ्या भावाने अजून फोन उचललेला नाही, धाकट्याचा मात्र येतो. ती रात्री हरिपाठ झाला की दोघांची नावं घेऊन त्यांच्या पोराबाळांसाठी मागते, आणि जमिनीला नाव लावायचा फेरफारचा अर्जही देऊन आलीय.